लाल शाईचे देणे

सीमाभागातल्या एका मराठी शाळेत मी तीस वर्षे मराठी शिकवले. शाळेचे नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती शाळेची नव्हती, माझी होती.

सातवीच्या वर्गाला 'बाजाराचा दिवस' हा निबंध दिला होता. एका मुलाने लिहिले होते, 'आईनं भाजी आणलं. परत येताना गाडी चुकलं.' दोन्ही वाक्यांवर मी लाल शाईने काट मारली. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मी ती वाक्ये वर्गात मोठ्याने वाचली आणि विचारले, "काय रे, तुमच्याकडे भाजी नपुंसकलिंगी असते काय?" वर्ग हसला, मीही हसलो. त्या मुलाने त्या वर्षी माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही.

गंमत अशी, की माझी आजी चिकोडीकडची. ती कानडीच्या वळणाने थेट असेच मराठी बोले. तिला मी कधी दुरुस्त केले नाही. आजीचे बोलणे मला गोड वाटे, आणि तेच बोलणे विद्यार्थ्याच्या वहीत आले की अशुद्ध वाटे.

पुढे 1998 च्या दिवाळीच्या सुटीत माझी भाची पुण्याहून आली. ती भाषाविज्ञान शिकत होती. एका इंग्रजी लेखाची झेरॉक्स माझ्यापुढे टाकून ती म्हणाली, "मामा, वाचून बघा, आपल्याकडचंच आहे." लेख 1971 साली प्रसिद्ध झालेला, लेखक जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन. गंपर्झ हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे प्राध्यापक होते. लेखाचा विषय मात्र सांगली जिल्ह्यातले एक गाव. लेखकांनी त्याचे नाव 'कुपवार' असे दिले आहे.

त्या गावात जैन आणि लिंगायत घरी कानडी बोलत, मुसलमान उर्दू बोलत, दलित आणि इतर काही समाज मराठी बोलत. शतकानुशतके सगळे शेजारी. पुरुषमाणसांना दोन-तीन भाषा सहज येत. तरी उंबऱ्याच्या आत जो तो आपली भाषा धरून होता. कोणी कोणाची भाषा गिळली नाही. पण आतून काही वेगळेच घडले होते. शब्द ज्याचे त्याच्याकडे राहिले आणि वाक्याची बांधणी मात्र सर्वांची जवळजवळ एक झाली. एका भाषेतले वाक्य उचलावे, शब्दामागून शब्द बदलावा, की दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार! कानडीत 'हे तुमचे घर' एवढे म्हटले की वाक्य पुरे होते, 'आहे' लागत नाही. त्या गावच्या कानडीने शेजारणींकडून 'आहे' घेतले. आणि तिथल्या मराठीने कानडीकडून लिंगाची सोय घेतली. पुरुष तो पुल्लिंगी, बाई ती स्त्रीलिंगी, बाकी सगळे नपुंसक.

मी थबकलो. 'भाजी आणलं.' माझ्या विद्यार्थ्याचे वाक्य सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठाने समजून घेतले होते, आणि मी त्याच्यावर काट मारली होती. तो मुलगा व्याकरण चुकला नव्हता. दोन भाषांच्या शेजाराने घडवलेले एक व्याकरण तो बिनचूक पाळत होता.

भाचीचे वडील बँकेत होते. सगळे ऐकून ते म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो. पण विद्यापीठ सरकारी ना? मग तिथल्या करदात्यानं आपल्या खेड्यातल्या बोलण्यासाठी पैसे का मोजावेत? उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. पोरगी भाषाविज्ञान घेऊन काय करणार, ही बापाची काळजी त्याच्या पोटात होती. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी ते शोधतो आहे.

बर्कलीचे विद्यापीठ 1868 सालचे, लोकांच्या पैशावर उभे राहिलेले. त्याच्या एकाच आवारात किती तऱ्हेचे संशोधन झाले ते पाहिले तर चक्रावून जायला होते. मरे एमेनो हे तिथले संस्कृतचे आणि भाषाविज्ञानाचे प्राध्यापक. 1935 ते 1938 ही तीन वर्षे ते भारतात हिंडले, निलगिरीतल्या तोडा आणि कोटा लोकांत बसून त्यांच्या भाषा टिपल्या. आपल्या यवतमाळकडच्या कोलामांच्या भाषेवर त्यांचे पुस्तक 1955 साली निघाले. पुढच्याच वर्षी त्यांनी मांडले, की कुळे वेगळी असली तरी भारतातल्या भाषा शेजाराने एकमेकींसारख्या झाल्या आहेत. कुपवारचा लेख त्याच वाटेवरचा.

आणि त्याच आवारात, 1941 च्या फेब्रुवारीत, ग्लेन सीबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लुटोनियम हे मूलद्रव्य ओळखले. साडेचार वर्षांनी, 9 ऑगस्ट 1945 रोजी, नागासाकीवर पडलेला बाँब प्लुटोनियमचा होता.

आता भावोजींचा गज हाती घेऊन ही दोन कामे मोजावीत. कोलामी व्याकरणाला शून्य गुण. प्लुटोनियमला शंभर. इतके उपयोगी संशोधन, की त्याचा निबंध युद्ध संपेपर्यंत दडवून ठेवावा लागला. तो 1946 साली छापला गेला. पैसा लोकांचा, ज्ञान मात्र लोकांपासून लपवलेले. त्याच प्लुटोनियमने पुढे वीज केली, अंतराळयाने चालवली, हेही खरे. म्हणजे उपयोग हा एक गुण आहे खरा, पण तो चांगुलपणाचे माप होऊ शकत नाही. सार्वजनिक विद्यापीठाने शंभर दिशांनी शोध घ्यावा तो यासाठी, की कोणती दिशा माणसाला माणसाजवळ नेईल हे आधी कोणालाच कळत नसते.

पण 'ज्ञानासाठी ज्ञान' म्हणून सुटका करून घेण्याचीही मला भीती वाटते. त्याच विद्यापीठाची आणखी एक कहाणी आहे. 1911 साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी संपवलेल्या याही लोकांपैकी तो शेवटचा समजला गेला. त्याने आपले नाव कधी सांगितले नाही. त्याच्या भाषेत माणसाला 'इशी' म्हणत, तेच त्याचे नाव झाले. विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोतल्या संग्रहालयात आसरा दिला. त्याची भाषा, त्याच्या कथा, बाण घडवण्याची त्याची रीत, सारे टिपून घेतले. त्याला लोकांनी जीवही लावला. 1916 साली तो क्षयाने गेला. शवविच्छेदन करू नका, असे क्रोबर यांनी दूरवरून लिहिले होते. तरी ते झाले, आणि त्याचा मेंदू वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे गेला, तो पाठवणारेही क्रोबरच. त्याच्या नातलग जमातींच्या हाती तो परत आला 2000 साली. 2021 च्या जानेवारीत विद्यापीठाने आपल्या इमारतीवरून क्रोबर यांचे नाव काढून टाकले.

इशीने आपले सर्वस्व त्या विद्यापीठाला दिले. तो ना करदाता होता, ना मतदार. मग त्याचे देणे कोणी द्यायचे? मला वाटते, भावोजींच्या हिशेबात हा रकाना राहून गेला होता. संशोधन जसे पैसा देणाऱ्याचे ऋणी असते, तसे ज्याच्याकडून ते घेतले त्याचेही असते. कुपवारच्या बायाबापड्यांनी आपले बोलणे दिले. त्यांच्या नातवंडांपर्यंत तो लेख पोचला काय? 2013 साली त्याच विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी ठरवले, की यापुढे आपले लेख जगातल्या कोणालाही फुकट वाचता येतील असे ठेवायचे. पाऊल चांगले आहे. पण लेख इंग्रजीत असतो. दार उघडले तरी उंबरा उंच राहतो. तो ओलांडून ज्ञान घरापर्यंत आणणे हे काम आपल्यासारख्या दोन भाषांत वावरणाऱ्यांचे आहे. त्यातही मी उशीर केला.

निवृत्तीनंतर एकदा बाजारात तो विद्यार्थी भेटला. भाजीचाच व्यापार करतो. गिऱ्हाइकाशी कानडीत, हमालाशी हिंदीत, माझ्याशी मराठीत, अशी त्याची जीभ सहज फिरत होती. "सर, बसा की," म्हणून त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. मुलांची चौकशी केली तेव्हा म्हणाला, "पोरगीला कानडी शाळेत घातलोय सर. पुढं नोकरीला बरं पडतंय." कारण पटण्यासारखे होते. त्यात माझ्या लाल शाईचा किती वाटा, हे मी विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

त्याऐवजी मी त्याला कुपवारची गोष्ट सांगितली. तुझ्या निबंधातले ते वाक्य चूक नव्हते, म्हणालो. प्रमाण मराठीत 'भाजी आणली' असे लिहितात, आणि ते शिकवणे माझे कामच होते. पण तुझे वाक्य हे आपल्या भागाचे शेकडो वर्षांचे व्याकरण आहे, हे सांगणेही माझेच काम होते. ते मी केले नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हसून म्हणाला, "तुमच्या ध्यानात आहे होय सर ते? मला वाटलं, मलाच आहे."

निघताना त्याने पिशवीत दोन जुड्या मेथी घातली, पैसे घेईना. घरी आलो. पिशवी पाहून बायकोने विचारले, "काय आणलं?"

"भाजी आणलं," मी म्हणालो.