कौल कोणाचा?

आदिलाबादेहून नागपूर उत्तरेस सुमारे 200 किलोमीटर, तर हैदराबाद दक्षिणेस सुमारे 300. हृदयाच्या रोहिण्या तुंबलेल्या माणसाला घेऊन पैनगंगा ओलांडावी की गोदावरी, हा तेथील मराठी कुटुंबापुढचा पहिला प्रश्न. दुसरा पैशाचा, तो 2007 साली सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेने गरिबांपुरता पुष्कळ हलका केला आहे. डिसेंबर 2023 मध्ये तेलंगण सरकारने तिची मर्यादा 10 लाखांवर नेली. तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो: ज्याची छाती उघडावयाची, त्याला विचारले काय?

आमच्या घरांतून काय घडते ते आम्ही जाणतो. मुलगे डॉक्टरांशी दाराबाहेर बोलतात. "नानांना काही सांगू नका" असे विनवतात. परदेशातील भाच्याचे मत घेतात, देवळात जाऊन कौल लावतात. एवढ्या सर्वांना विचारून होते आणि नाना खाटेवर छताकडे पाहत असतात. यात दुष्टावा नाही, प्रेमच आहे. आणि म्हणूनच त्याला हटकणे कठीण.

कायद्याने ते हटकले आहे. समीरा कोहली खटल्यात एका प्रौढ स्त्रीवर, ती भुलीखाली असता, तिच्या आईच्या संमतीने मोठी शस्त्रक्रिया केली गेली. शुद्धीवर येऊन ती स्वतः निर्णय घेऊ शकली असती. तेव्हा आईची संमती ही संमतीच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली ठरविले.

बायपासमध्ये तुंबलेली रोहिणी मोकळी होत नाही. पायातील नीला किंवा छातीतील रोहिणी जोडून रक्ताला वळणवाट मिळते. रोग राहतोच. डावी मुख्य रोहिणी अरुंद झाली असेल तर आयुष्य वाढते, हे निश्चित. परंतु स्थिर दुखण्याच्या पुष्कळ रोग्यांत, लगेच बायपास वा स्टेंट करणे आणि आधी औषधांवर राहणे यांत काही वर्षांपर्यंत मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडत नाही, असे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. म्हणजे पुष्कळदा येथे खरीखुरी निवड असते.

नाना घाबरून नकार देतील, ही भीती खोटी नाही. सांगण्याचीही एक रीत असते, वेळ असते. ती डॉक्टरांनाही नेहमी साधत नाही. सारे ऐकून नाना "तुम्हीच ठरवा" म्हणाले, तर तीही त्यांचीच संमती. पण कदाचित ते एवढेच विचारतील, "देवळाच्या पायऱ्या पुन्हा किती दिवसांनी चढता येतील?" हे विचारावयाचे दाराबाहेर कोणाला सुचले नव्हते.