दुसऱ्याच्या घराखालची जमीन

एखाद्याच्या घराखालची जमीन पोकळ करावयाची असेल, तर त्यातला धोका पत्करण्याजोगा आहे की नाही, हे कोणी ठरवावे? भूमिगत कोळसाखाणीला परवानगी देताना हा प्रश्न दर वेळी उभा राहतो, आणि तो केवळ इंजिनियरांचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

आधी खाणीचे काम पाहू. आपल्या देशातील पुष्कळशा भूमिगत खाणींत कोळशाच्या थरातून आडव्याउभ्या वाटा खोदतात व मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब राखतात. त्यांवर छत उभे असते. पुढे ते खांबही काढावयाचे ठरले, तर पोकळीत वाळू भरावी लागते, नाही तर छत कोसळू द्यावे लागते. छत कोसळले की वरची जमीन बशीसारखी खाली बसते, भिंतींना भेगा जातात, विहिरी आटतात. वाळूने हे खचणे पुष्कळ कमी होते. पण खर्च वाढतो, आणि ती वाळू तरी कुठल्या तरी नदीतूनच यावयाची! म्हणून आधी हिशेब मांडतात: थराची जाडी, त्याची खोली, वरच्या खडकाची जात, खांबांची रुंदी. रेल्वे, रस्ता किंवा वस्ती जवळ असली, तर धनबादच्या खाणसुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते.

हिशेब खोटा असतो असे आम्ही म्हणत नाही. पण खाली काय आहे हे ठाऊक असल्याचे तो गृहीत धरतो. झरियात तेच नेमके ठाऊक नव्हते. तेथे 1970 नंतरच्या राष्ट्रीयीकरणापूर्वी खासगी मालकांनी खोदकाम केले, आणि जुन्या पोकळ्यांचे विश्वसनीय नकाशे सर्वत्र उरले नाहीत. जमिनीखालची आग 1916 मध्ये प्रथम नोंदली गेली. 2009 साली सरकारने पुनर्वसनाचा आराखडा मंजूर केला, त्यात आगीच्या व खचण्याच्या 595 जागा होत्या. 2025 साली तो सुधारून पुन्हा मंजूर करावा लागला.

शिवाय खांब काही एका दिवसात खचत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे ऑगस्ट 2022 मध्ये एक राहते घर जमिनीत गडप झाले. खालची खाण बंद होऊन कित्येक वर्षे लोटली होती. घरची माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. ज्यांनी कधी काळी तेथील कोळसा काढला व ज्यांनी तो जाळला, त्यांपैकी कोणाचे अंगण त्या दिवशी हलले नाही.

आमच्या मते नीतीचा प्रश्न येथेच आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रोगी स्वतः सही करतो. येथे सही एकाची आणि झोप दुसऱ्याची. अनुवादाच्या पुस्तकात नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा अशी आज्ञा आहे, हे संडे स्कूलच्या शिक्षकांना ठाऊकच असेल. कोणी पडल्यावर हळहळणे तेथे पुरत नाही. पडू शकेल हे बांधणाऱ्यानेच आधी ओळखावयाचे असते, आणि खर्चही त्याचाच.

कोणी म्हणेल, चार घरांसाठी हजारो दिवे विझवावे काय? प्रश्न रास्त आहे, आणि इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथे पंख्याखाली बसून त्याला तुच्छ लेखणे आपणांस शोभणार नाही. परंतु दिवे हजारोंचे असतील, तर वाळूचा खर्चही त्या हजारोंवर पडावा. जुना नकाशा नसेल तेथे आधी भोके पाडून पोकळी शोधावी. तोवर परवानगी थांबली तर थांबू द्यावी. 2009 पासून खाण बंद करण्याच्या खर्चासाठी वेगळ्या खात्यात रक्कम ठेवण्याचा नियम आहे, तो चांगलाच आहे. पण खांबांचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांहून लांब असते.

लोकसुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. त्यात सरासरीचे आकडे असले, तरी गावकऱ्याला त्यांतून आपले घर सापडत नाही. कोणत्या घराखालून काम जाणार, किती खोलीवरून, कोणत्या वर्षी, आणि भिंतीला पहिली भेग दिसताच कोणाचे दार ठोठवावयाचे, एवढे तरी त्या कागदावर मराठीत लिहिलेले असावे.