कॅम्पचे घर केव्हा होते?



अकोल्यात ‘सिंधी कॅम्प’, अमरावतीत ‘रामपुरी कॅम्प’ ही नावे आपण ऑटोवाल्याला सहज सांगतो. हा ‘कॅम्प’ कशाचा, असा विचार मात्र क्वचितच मनात येतो. १९४७ च्या फाळणीत सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना जेथे आसरा मिळाला, त्या या वस्त्या.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाची कथा त्याही आधीची. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने पोलंडमधून सैबेरियात नेलेली हजारो माणसे सुटकेनंतर इराणमार्गे भारतात आली. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती, आणि बहुतेक जण कॅथोलिक होते. छावणीत शाळा, दवाखाना आणि चर्चही होते. ते गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. तेच आजचे गांधीनगर.

आपलीच माणसे बेघर असताना परक्यांना जागा का द्यावी, असे काही जण विचारतात. असे विचारणारा प्रत्येक जण कठोर असतो असे नाही. सरकारजवळ जमीन, पाणी, पैसा मोजकाच असतो. घरकुलासाठी वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्याची तक्रार खोटी नसते.

पण १९४३ हे वर्षही महागाईचे आणि धान्यटंचाईचेच होते. तरी छावणी उभी राहिली, कारण ओझे एकट्यावर पडले नाही. जागा कोल्हापूर संस्थानात मिळाली; खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारने उचलला. बेघर शेजारी आणि निर्वासित यांची आपसात झुंज लावून आपली जबाबदारी संपत नाही. दोघेही एकाच पित्याची लेकरे आहेत.

शिवाय छप्पर म्हणजे घर नव्हे. महाराष्ट्रातील कित्येक सिंधी वस्त्यांत जागेच्या मालकीहक्काचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. छप्पर देणे ही दया आहे, हक्काचा कागद देणे हा न्याय आहे. तो कागद शासनानेच द्यायचा असतो. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे कोणाला आसरा द्यायचा, हे त्या त्या वेळचे सरकार ठरवते. आणि ते सरकार आपण निवडून देतो.

एक गोष्ट मात्र कोणतेही सरकार देऊ शकत नाही, ती म्हणजे शेजार. बाळ येशूला घेऊन योसेफ व मरिया रातोरात इजिप्तला निघाले. तेथे कोणीतरी त्यांना खोली दिली असेल, विहिरीवर पाणी भरू दिले असेल. त्या माणसाचे नाव शुभवर्तमानात नाही. तरीही प्रभूचे बालपण त्याच्या आसऱ्याने सुरक्षित राहिले.

या आठवड्यात आपल्या गल्लीत एखादे परके कुटुंब खोली विचारत आले, तर त्यांची जात, गाव विचारण्याआधी त्यांना पाणी विचारू या. कॅम्पचे घर होण्याची सुरुवात तेथूनच होते.