वेग कोणत्या दिशेचा?

भारत सरकारने २००४ साली ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं, तेव्हा सेकंदाला किमान २५६ किलोबिट देणाऱ्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं. २०१३ मध्ये ही अट ५१२ किलोबिटवर गेली आणि २०२३ मध्ये दोन मेगाबिटवर. या सगळ्याआधी, १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा डायल-अपचा वेग ९.६ किलोबिट होता. आज शहरातल्या घरांत १०० मेगाबिटची फायबर जोडणी सर्रास आढळते. म्हणजे तीन दशकांत दहा हजार पटींची वाढ. ही झेप खरी आहे आणि तिचं मोल मोठं आहे. पण सरकारच्या तिन्ही व्याख्यांत एक गोष्ट समान आहे: तिथे मोजला आहे तो फक्त डाउनलोडचा वेग. नागरिकाला किती वेगाने मिळावं, हे ठरवलं गेलं. त्याला किती वेगाने देता यावं, याबद्दल त्या व्याख्या काहीच म्हणत नाहीत.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. तारयंत्राच्या दोन्ही टोकांना सारखाच अधिकार होता. टेलिफोनवर ऐकणारा आणि बोलणारा यांच्यात तार भेदभाव करत नसे. डायल-अप मोडेमही ३३.६ किलोबिटपर्यंत दोन्ही दिशांना सारख्याच वेगाने चालत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचता येई, तसंच लिहिताही येई. वाचक आणि लेखक हे वेबच्या कल्पनेत एकाच खुर्चीवर बसले होते.

फाटा फुटला तो १९९८ च्या सुमारास, ५६ के मोडेमबरोबर. तोवर टेलिफोन एक्स्चेंज डिजिटल झाली होती. इंटरनेट कंपनीकडून निघालेली माहिती आकड्यांच्या रूपातच ग्राहकाच्या एक्स्चेंजपर्यंत पोहोचे. घरून निघालेला संकेत मात्र एक्स्चेंजमध्ये मोजून आकड्यांत उतरवावा लागे आणि त्या मोजणीत त्याची थोडी अचूकता हरवे. म्हणून येणाऱ्या माहितीला ५६ किलोबिट मिळाले, जाणाऱ्या माहितीला जुनेच ३३.६ राहिले.

पुढे एडीएसएल आलं. आपल्याकडे २००५ पासून बीएसएनएल आणि एमटीएनएलचं ब्रॉडबँड घरोघरी गेलं, ते याच तंत्रावर. त्यातलं पहिलंच अक्षर 'असमान' या अर्थाचं आहे. त्यामागचा विचार अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन संस्थेतले अभियंते जोसेफ लेचलायडर यांचा. टेलिफोनच्या एका जाड केबलमध्ये तांब्याच्या शेकडो जोड्या एकमेकींना खेटून असतात. दूरच्या घरातून येणारा संकेत एक्स्चेंजपाशी पोहोचेपर्यंत क्षीण होतो, आणि शेजारच्या जोडीवरून नुकताच निघालेला जोरकस संकेत त्याला झाकोळून टाकतो. दोन्ही दिशांना वेगवेगळ्या कंप्रता दिल्या आणि मोठा वाटा एकाच दिशेला ठेवला, तर हा गोंधळ टळतो, हे लेचलायडर यांनी ओळखलं. त्यानुसार अपलोडला सुमारे २५ ते १३८ किलोहर्ट्झचा पट्टा मिळाला आणि डाउनलोडला तिथून ११०४ किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे आठ पटींहून मोठा. हे तंत्र घडत होतं तेव्हा डोळ्यांसमोर होता तो घरी बसून मागवलेला चित्रपट पाहणारा प्रेक्षक. टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारांतून जगभर इंटरनेट पोहोचलं, याचं श्रेय या बुद्धिमान तडजोडीला द्यायलाच हवं. पण तडजोड करताना गृहीत धरलेला माणूस तारेत कायमचा वस्तीला आला, हेही तितकंच खरं.

मोबाइलवर ही असमानता वेगळ्या कारणाने येते. टॉवर काही दहा वॉटच्या ताकदीने बोलतो. आपला फोन बोलतो तो जास्तीत जास्त सुमारे एक पंचमांश वॉटने, कारण त्याची बॅटरी लहान आणि तो आपल्या कानाशी असतो. डोंगरापलीकडच्या वाडीत म्हणूनच एक नेहमीचा अनुभव येतो: रेंजच्या दोन काड्या दिसतात, आलेला मेसेज उघडतो, पण फोटो काही केल्या जात नाही. काड्या एवढंच सांगतात की फोनला टॉवर ऐकू येतो आहे. टॉवरला फोन ऐकू येतो का, ते त्या सांगत नाहीत.

आता या वाडीत अपलोडवाचून काय काय अडतं ते पाहावं. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर नोंदवायचा. ग्रामीण रुग्णालयातला सीटी स्कॅन शहरातल्या तज्ज्ञाला दाखवायचा, तर शेकडो मेगाबाइट गावाकडून शहराकडे जायला हवेत. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेने पाठाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ फोनवर चित्रित केला, तर चांगल्या दर्जात तो सहज एक गिगाबाइटचा होतो. अपलोडचा वेग एक मेगाबिट असेल तर तो चढायला दोन तासांहून अधिक लागतात. तोच व्हिडिओ वीस मेगाबिटच्या जोडणीवर पाहणाऱ्याला सात मिनिटांत मिळतो. शिकवणाऱ्याचे दोन तास आणि पाहणाऱ्याची सात मिनिटं: हा फरक तिच्या कष्टांतून वसूल होतो.

यावर नेहमीचं उत्तर असं की लोक पाहतात जास्त आणि पाठवतात कमी, म्हणून जाळं तसं बांधलं. आकडे त्या बाजूने आहेत, हे मान्य. पण सवय आणि सोय यांतलं आधी काय, हा प्रश्न त्या आकड्यांनी सुटत नाही. ज्या जोडणीवर पाठवणं त्रासाचं असतं, तिच्यावर माणूस पाठवायचं सोडून देतो, आणि मग त्याला पाठवायचंच नव्हतं अशी नोंद होते. लॉकडाउनच्या काळात लाखो घरांना एकदमच शिकवायची, मुलाखती द्यायची, सभेत बोलायची वेळ आली. पडद्यावर समोरचे सगळे स्पष्ट दिसत होते आणि आपलंच बोलणं तुटत होतं, हे किती घरांनी अनुभवलं!

तांब्याची अडचण खरी होती. काचेच्या तंतूत ती उरलेली नाही. फायबरवर दोन्ही दिशांना सारखा वेग देता येतो आणि आज काही कंपन्या तो देतातही. भारतनेटचं उद्दिष्ट देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचं आहे. ज्या कारणासाठी तडजोड केली ते कारण संपलं, की तडजोडही संपवायला हवी. ब्रॉडबँडच्या पुढच्या व्याख्येत अपलोडचा किमान वेग लिहिला जावा. कंपन्यांनी जाहिरातीत तो डाउनलोडइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावा. ग्रामपंचायतीत जोडणी पोहोचली की नाही हे तपासणाऱ्याने तिथून एखादी मोठी फाइल पाठवून पाहावी आणि मगच सही करावी.

लोकशाहीत ऐकण्याचा हक्क आणि बोलण्याचा हक्क वेगळे काढता येत नाहीत. ज्या वाडीला शहराचं सगळं पाहता येतं, पण स्वतःचं पीक, स्वतःचा आजार, स्वतःचा धडा शहराला दाखवता येत नाही, ती वाडी जोडली गेली असं म्हणणं चुकीचं आहे. तिला प्रेक्षकांत जागा मिळाली आहे, एवढंच. तीस वर्षांत आपण वेग दहा हजार पटींनी वाढवला. त्यातला न्याय्य वाटा आता देणाऱ्याच्या बाजूला जायला हवा.