कागद चोख तर माल चोख?

मी उभ्या आयुष्यात हिरा हातात धरलेला नाही. माझा मावसभाऊ मात्र सुरतेत हिरे घासतो. जगातले बहुतेक हिरे तिथंच पैलू घेतात. एकदा त्याला म्हटलं, अरे, ह्यातला एखादा झिम्बाब्वेचा असंल, त्याच्यापायी माणसं मेलीत. तो म्हणाला, "दादा, मालाबरोबर कागद येतो. कागद चोख तर माल चोख." त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी हकिकत सांगतो. झिम्बाब्वेच्या पूर्वेला मारांगे नावाचा गरीब शेतकऱ्यांचा मुलूख आहे. तिथं हिरे शोधायचा परवाना डी बिअर्सकडं होता, तो २००६ साली संपला. मग लंडनच्या बाजारात नोंदलेल्या दुसऱ्या कंपनीनं हक्क नोंदवले. हिऱ्यांची बातमी फुटली तसं सरकारनं लोकांना खणायची मुभा दिली. हजारो माणसं फावडी घेऊन आली. वर्ष संपायच्या आत सरकार फिरलं. कंपनीला हाकललं, खाण सरकारी महामंडळाकडं गेली. काल ज्याला मुभा होती तो आज चोर ठरला. माणूस तोच, खड्डा तोच, फावडं तेच. फक्त कागद बदलला.

मग २००८ साल आलं. नोटांवर शून्यं वाढत होती, पगारात भाकरी येत नव्हती. मार्चच्या निवडणुकीत मुगाबे पहिल्या फेरीत मागं पडले. दुसऱ्या फेरीआधी विरोधकांवर एवढे हल्ले झाले की त्वांगिराईंनी माघार घेतली. ऑक्टोबरअखेर लष्कर मारांगेत उतरलं. खणणाऱ्यांवर हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडल्या. ह्यूमन राइट्स वॉचच्या २००९ च्या अहवालात मेलेल्यांचा आकडा दोनशेच्या वर आहे. चोर हटवल्यावर काय झालं? सैनिकांनीच माणसं खड्ड्यात उतरवली आणि वाटा घेतला.

आता कागदाचं बघू. रक्ताळलेला हिरा बाजारात येऊ नये म्हणून २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया चालू आहे. पण तिची व्याख्या वाचा. वैध सरकार उलथवायला बंडखोर ज्या हिऱ्यांचा पैसा वापरतात, तेच हिरे अशुद्ध. सरकारच्याच लष्करानं माणसं मारली तर? व्याख्येत बसत नाही. मारांगेची निर्यात काही काळ अडवली, पण नोव्हेंबर २०११ मध्ये किन्शासाच्या बैठकीत वाट मोकळी झाली. पुढच्याच महिन्यात, ही प्रक्रिया उभी करायला झटलेली ग्लोबल विटनेस ही संस्था तिच्यातून बाहेर पडली.

शुद्ध काय, अशुद्ध काय, हे कोण ठरवतं? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. इथं रक्त किती सांडलं हे कोणी मोजत नाही. ते कोणी सांडलं एवढंच बघतात.

कोणी म्हणेल, मग सरकारकडं खाणी देणंच चूक. मी तसं म्हणत नाही. खाणी कंपनीच्या घशात घालून खणणाऱ्याचं भलं होत नाही. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनीच मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे मागितले. पण त्याच दमात त्यांनी संसदीय लोकशाही मागितली, हुकूमशाही नको म्हणून बजावलं, आणि हे सगळं संविधानात बांधून ठेवा म्हटलं. आपण पहिला अर्धा घोकतो, दुसरा विसरतो. ज्या राज्याला खणणारा प्रश्न विचारू शकत नाही, त्या राज्याची मालकी म्हणजे नवा सावकार. मुगाबेंनीच २०१६ साली जाहीर सांगितलं की पंधरा अब्ज डॉलरची संपत्ती निघाली असेल, देशाच्या हाती दोन अब्जही पडले नाहीत. आकड्यावर वाद आहे. पण मालकच विचारतो माल गेला कुठं, तेव्हा मालकी कुणाची होती? आणि ज्यांच्या पायाखाली हिरे निघाले ती कुटुंबं उठवून ट्रान्साऊच्या सरकारी शेतावर नेऊन बसवली.

खणणारे काही साधू नव्हते. त्यांच्यात टोळ्या होत्या, मारामाऱ्या होत्या, पोलिसांशी संगनमत होतं. म्हणून काय गोळी घालायची? हक्क मिळायला माणूस निर्मळ असावा लागत नाही.

राहता राहिला माझा भाऊ. घासणं सोड, असं त्याला सांगायला माझी जीभ उचलत नाही. त्याची दोन पोरं शाळेत आहेत. आणि त्यानं हात काढला म्हणून मारांगेत कोणाला भाकरी मिळणार नाही. पण 'कागद चोख' हे त्याचं वाक्य मी मान्य करणार नाही. आपल्या बापजाद्यांनीही कागदावर अंगठे दिले होते. कागद चोखच होते. जमीन तेवढी गेली.

पुढच्या खेपेला त्याला एवढंच विचारीन: ज्यानं सही केली, त्याला जाब विचारणारा कोणी तिथं आहे का? असंल तर कागद वाचू. नसंल तर तो नुसता कागद.