पोहोचलं म्हणजे वाचलं का?

खरं बोलूनही फसवता येतं का? दिवसभर डॅशबोर्डवर ‘डिलिव्हर्ड’चे आकडे पाहणाऱ्या माझ्यासारख्या इंजिनिअरला हा प्रश्न सोडत नाही. त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला पेशींच्या प्रयोगशाळेत दिसतं.

एमआरएनए म्हणजे प्रथिन कसं बनवायचं ते सांगणारी चिठ्ठी. ती पेशीत शिरली का, हे कळावं म्हणून संशोधक तिला साय-५सारखा चमकणारा रंग जोडतात. मायक्रोस्कोपच्या फोटोत लाल ठिपके उमटतात. झालं काम?

नाही. मेदकणांतून आलेल्या बहुतेक चिठ्ठ्या एंडोसोम नावाच्या पिशवीतच अडकतात. तिथे त्यांचे तुकडे झाले तरी रंग चमकत राहतो. चिठ्ठी वाचणारा रायबोसोम मात्र पिशवीबाहेर असतो. म्हणून चिठ्ठीत मजकूरच जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा लिहितात. लाल म्हणजे आत शिरली, हिरवं म्हणजे वाचली गेली.

त्यातही मेख आहे. रंग जास्त भरला, तर रायबोसोमला तीच चिठ्ठी वाचणं जड जातं. म्हणून रंग मोजकाच घालावा लागतो. पाहण्याचीही किंमत असते.

नुसता लाल फोटो दाखवून ‘औषध पेशीत पोहोचलं’ म्हटलं, तर ते खोटं नसतं. पण रुग्णाला हवं असतं ते हिरवं. सोपा आकडा पुढे करून अवघड प्रश्न झाकणं, यालाच मी फसवणूक म्हणेन. मग तो आकडा पेशींचा असो, नोटिफिकेशनचा असो, की शाळेत वाटलेल्या पुस्तकांचा.