परतवारी

वाचक सज्जनहो, आमच्याकडे माणसे प्रश्न घेऊन येतात ते बहुतेक निघण्याचे. वारीला कोणत्या दिंडीतून जावे, माळ कधी घालावी, काशीयात्रेला मुहूर्त कोणता. निघण्याचा मुहूर्त विचारायला रात्री दहालासुद्धा दार वाजते. परंतु परत कसे यावे, हे चाळीस वर्षांच्या कीर्तनसेवेत आम्हास कोणी विचारले नव्हते. पौष महिन्यात आमच्या थोरल्या अक्काने विचारले, आणि तेही तक्रार म्हणून.

तिचा नातू चोवीस वर्षांचा. घरची पिठाची गिरणी सांभाळतो. कार्तिकी झाल्यावर तो आणि त्याचे दोन सोबती सायकलींवर पंढरपूरहून घुमानला गेले. घुमान म्हणजे पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातले गाव. आमच्या नामदेवरायांनी उत्तरेत दीर्घकाळ वास केला तो तेथे, असे परंपरा सांगते. ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, तेथील मंडळी त्यांना बाबा नामदेव म्हणतात, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपल्याकडच्या पुष्कळांना त्या गावाचे नाव ठाऊक झाले. अलीकडे पंढरपूरहून तेथवर सायकलींची यात्राही निघू लागली आहे. ही तीन मुले मात्र आपापली गेली. धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, लुधियाना अशी सुमारे दोन हजार किलोमीटरांची वाट पंचवीस दिवसांत कापली. दरबारसाहिबात मत्था टेकला, लंगरात जेवले, आणि सायकली गाडीच्या सामानडब्यात टाकून दोन रात्रींत घरी परतले.

गावाने वेशीवर हार घातले, शाल-श्रीफळ दिले, छायाचित्रे काढली. चौथ्या दिवसापासून कोणी विचारीना. तिसऱ्या दिवशीच त्याला ताप भरला होता. ताप उतरला, पण पोरगा काही ठिकाणावर येईना. पहाटे चारला उठून ओसरीवर बसायचे. गिरणीत बसले की पाय हलत राहायचे. गिऱ्हाइकाशी तुटक बोलायचे, आईवर खेकसायचे. जेवण मात्र वाटेवरचेच, एका बैठकीला आठ भाकऱ्या! आणि संध्याकाळी नकाशा पसरून पुढची वाट शोधायची, आता म्हणे कन्याकुमारी.

अक्का म्हणाली, “अरे, पोरगं गेलं ते सोन्यासारखं. आलं ते सायकलवरून उतरलंच नाही बघ. तू एवढा शास्त्र शिकलेला, तुझ्या पोथीत यावर काही आहे का नाही?”

पोथीत आहे. परंतु सज्जनहो, त्या क्षणी आम्ही थोडे ओशाळलो. त्याचे कारण पुढे सांगतो, आधी पोथी.

आम्ही विद्यार्थिदशेत योगसूत्रे घोकली. त्यात चित्ताचे नऊ विक्षेप सांगितले आहेत, त्यांतला शेवटचा अनवस्थितत्व. म्हणजे भूमिका हाती लागली, तरी तेथे ठरता येत नाही. गुरुजींनी अर्थ सांगितला, आम्ही पाठ केला आणि परीक्षा उत्तीर्ण झालो. न पोहोचण्याचे दुःख निराळे आणि पोहोचून न ठरण्याचे निराळे, म्हणून त्याला स्वतंत्र जागा दिली आहे, हे मात्र या पोराकडे पाहून नीट समजले.

यज्ञातही पाहा. सोमयागाला बसणारा यजमान दीक्षा घेतो. मुठी आवळतो, बोलणे आवरतो, अंगाला खाज सुटली तरी नखाने खाजवीत नाही, काळविटाचे शिंग वापरतो. इतका तो साधा माणूस राहत नाही. मग याग संपला, फळ मिळाले, उठा आणि घरी जा, असे शास्त्र म्हणत नाही. अवभृथ स्नान सांगते. सोमरसाने माखलेली पात्रे पाण्यात सोडायची, पत्नीसह स्नान करायचे, दीक्षा उतरवायची, तेव्हा तो पुन्हा चार माणसांत यायला मोकळा. आपल्या घरच्या पूजेतही आवाहनाला जितका मान तितका विसर्जनाला. सप्ताह झाला की काल्याचे कीर्तन असतेच. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, आणि आठव्या दिवशी एकदम मंडप सोडून फड उठला, असे कधी पाहिले आहे काय?

या पोराने पंचवीस दिवस मुठी आवळल्या होत्या, अक्षरशः. त्याच्या दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि शेजारची बोटे बधिर झालेली आम्ही पाहिली. सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती. वैद्यकीय शिकलेल्या एका शिष्याने सांगितले की लांबवर सायकल चालवणाऱ्यास हे होते, तळहाताच्या कडेने जाणारी शीर दांड्यावर दाबली जाते, काही आठवड्यांत बहुधा सुधारते. आणखी म्हणाला, एवढे श्रम एकाएकी थांबवू नयेत, पायंड्या-पायंड्यांनी उतरावे. भूक लगेच कमी होत नाही, खर्च मात्र थांबलेला असतो. हे ऐकून आम्हास आठ भाकऱ्यांचे कोडे उलगडले.

आता महाभारतातील प्रसंग ऐका. कीर्तनात आम्ही हा नेहमी लावतो, पण त्या दिवशी तो आम्हालाच लागला. शल्यपर्व आहे. दुर्योधन पडला, युद्ध सरले, पांडव शिबिरापाशी आले. भगवंत अर्जुनाला म्हणाले, गांडीव घे, भाते घे आणि तू आधी उतर. अर्जुनाच्या मनात आले असेल, की अठरा दिवस जिंकले कोणी? आता कसले उतरणे, जरा मिरवू तरी द्या! पण उतरला बिचारा. त्याच्या मागून भगवंतांनी लगाम सोडले आणि तेही उतरले. ध्वजावरचा वानर दिसेनासा झाला, आणि तो रथ उभ्या जागी पेटून भस्म झाला. अर्जुन थक्क. देव म्हणाले, द्रोणांच्या नि कर्णाच्या अस्त्रांनी हा केव्हाच जळालेला होता, मी बसलो होतो म्हणून उभा होता. कार्य झाले, मी सोडला.

श्रोते येथे देवाचा महिमा ऐकून टाळी देतात, ती योग्यच. पण त्या पोराला आम्ही विचारले, “बाळ, तुला ताप वाटेत का आला नाही? राजस्थानच्या थंडीत उघड्यावर निजलास तेव्हा का आला नाही?” तो म्हणाला, “आबा, वाटेत आजारी पडायला सवडच नव्हती.” मग रथ केव्हा जळाला ते तूच पाहा, म्हटले. संकल्प अंगात बसला होता तोवर अंग उभे होते. संकल्प उतरला, आणि जे वाटेत जळले होते ते घरी येऊन दिसले. यात तुझा काही दोष नाही. घरच्यांनीही त्याला आळशी म्हणू नये. फक्त एक विचारतो, अर्जुन रथातून उतरला तेव्हा रथ जळाला. तू अजून त्या जळत्या रथातच बसून आहेस, आणि चटका बसतो म्हणून आईवर ओरडतोस.

तो खाली मान घालून बसला. नंतर हळूच म्हणाला, “पण आबा, उतरायचं कसं? वाटेत रोज एकच काम होतं. पुढचं गाव. आता इथं पुढचं गावच नाही.”

सज्जनहो, हे वाक्य आम्हास रात्रभर निजू देईना. येथेच ओशाळण्याचे कारण सांगतो. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. पंढरीस जाताना लाखोंचा समुदाय. पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो आणि पालखी परत फिरते, त्याच गावांवरून, पायीच. जाताना जी वाट अठरा-एकोणीस दिवसांची, ती येताना दहा-अकरा दिवसांत उरकते. सोबत मोजकी मंडळी. रांगोळ्या नाहीत, कमानी नाहीत, वर पाऊस आणि चिखल. हीच परतवारी. आणि आम्ही, फडावरचे बुवा, आयुष्यभर द्वादशीचे पारणे सोडले की एसटी पकडून घरी! माघारी चालणारांविषयी कीर्तनात गौरवाने बोललो, पण त्यांच्यात कधी चाललो नाही.

२०२० आणि २०२१ साली साथीमुळे पादुका एसटीने पंढरीस गेल्या. त्या दोन वर्षांत घरात बसून आम्हास चालण्याची किंमत कळली. २०२२ साली वारी पुन्हा पायी सुरू झाली तेव्हा आम्ही संकल्प केला, की जाणे झाले तसे येणेही करायचे. ते केले. वेळापूर, नातेपुते, फलटण, वाल्हे, सासवड, तीच गावे. जाताना ज्या आजीने भाकरी दिली होती, तिच्या दाराशी थांबलो. ती जाताना आम्हास ओळखत नव्हती, गर्दीतला एक वारकरी एवढेच. येताना म्हणाली, “आलात का परत? बसा.” दिवेघाट जाताना चढतो तेव्हा सगळा महाराष्ट्र पाहतो. येताना उतरतो तेव्हा कोणी पाहत नाही, आणि कोणते जड ते आमच्या गुडघ्यांना विचारा. पण आळंदीस पोहोचलो तेव्हा मन आमच्याबरोबर पोहोचलेले होते. एसटीने येत होतो त्या सगळ्या वर्षी ते आठ-आठ दिवस मागून येत असे, आणि आम्ही त्याला थकवा म्हणत होतो.

पूर्वी आगगाडी नव्हती तेव्हा अर्धी यात्रा म्हणजे परत येणेच होते. आता शरीर दोन रात्रींत येते, आणि मन कोट्याच्या आसपास कोठेतरी सायकल मारीत राहते. (नामदेवराय स्वतः परत आले की नाहीत याविषयीसुद्धा दोन परंपरा आहेत. आपण महाद्वारातल्या पायरीशी त्यांची समाधी मानतो, पंजाबी बांधव घुमानला मानतात. आम्ही या वादात पडत नाही. दोन्हीकडे नमस्कार करावा.)

पण पोराला पुन्हा दोन हजार किलोमीटर माघारी पाठवणार कसे? तेव्हा आम्हास मुंबईच्या पारशी तरुणांची आठवण झाली. १९२३ साली सहा जण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. कोणी वाटेत परतले, एक अमेरिकेतच राहिला. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा असे तिघे १९२८ साली सुमारे सत्तर हजार किलोमीटर करून मुंबईस आले. पुढे १९३१ साली त्या तिघांनी मिळून प्रवासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, पंडित नेहरूंची त्यास प्रस्तावना आहे. म्हणजे सायकलीवरून उतरल्यावर ते कागदावरून पुन्हा सगळी वाट चालले. आम्हास एवढा धागा पुरला.

पोराला म्हटले, “पंचवीस मुक्काम झाले ना? आता उलटे मोज. आज तू घुमानला आहेस. उद्या त्याच्या अलीकडचा मुक्काम. रोज संध्याकाळी एक मुक्काम आठवायचा, तेथे कोणी पाणी दिले, कोणी चाक जोडून दिले, कोणी ओसरीवर निजू दिले, त्यातल्या एकाला पोस्टाचे कार्ड लिहायचे. पोहोचलो, खुशाल आहोत, तुमचे अन्न अंगी लागले. रोज एकच. घाई करून दोन लिहायची नाहीत. आणि सायकल? ती आधी धू. साखळीला तेल घाल. मग रोज थोडी चालव. पहिल्या आठवड्यात पंधरा किलोमीटर, मग दहा, मग गिरणीची पिठे म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या घरी पोहोचवण्यापुरती.”

“म्हणजे पुढचं गाव आहे,” तो म्हणाला.

“आहे. फक्त ते घराकडे आहे.”

अक्काचे समाधान झाले असे नाही. तिला वाटले होते दादा काही अंगारा देईल. सूनबाईने मात्र कार्डे आणून दिली. पहिली दोन-तीन पोराने कशीबशी लिहिली, बोटे धड वळत नव्हती. चौथ्या दिवशी चिडून आमच्याकडे आला. “लुधियानाजवळच्या त्या सरदारजींचं नावच मी विचारलं नव्हतं आबा! रात्री अकरा वाजता चाक दुरुस्त करून दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि मी नावसुद्धा विचारलं नाही. घाईत होतो.” डोळ्यांत पाणी होते. आम्ही म्हटले, कार्ड लिही, आणि पत्त्याच्या जागी दुकानाची खूण लिही. पोहोचेल न पोहोचेल. तू त्या दुकानापर्यंत परत गेलास, हे झाले.

माघ वद्यात पुन्हा भेटला. आठ भाकऱ्यांच्या पाच झाल्या होत्या. करंगळीला अजून मुंग्या येत होत्या. कन्याकुमारीचा नकाशा भिंतीवरून काढलेला नव्हता, आणि काढ असे आम्हीही म्हटले नाही. मध्यंतरी गिरणीचा पट्टा तुटल्यामुळे काही दिवस लिहिण्यात खंड पडला होता, त्यामुळे अजून धुळ्यापर्यंतच आला होता. लुधियानाचे कार्ड परत आले नव्हते. उत्तरही आले नव्हते. पीठ घेऊन तो आमच्या गल्लीतल्या विठाबाईंकडे निघाला होता. सायकल त्याने भिंतीला टेकवली, पिशवी आत ठेवली, आणि म्हातारीने चहा विचारला तेव्हा बसला.